पायगुण

मखन्लेथच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या लोकर-गिरणीत
माझं गॅरेज.
एलिनेड पॅरी आली ती ट्रेलरवर गाडी घालून,
आणि उतरल्या उतरल्या तिनं माफी मागितली:
क्लच माझ्यामुळे गेलाय.
माझा डावा पाय जड आहे. इड्वाल नेहमी म्हणायचा.

पासष्टची ट्रायम्फ. रंग हिरवा,
आता शेवाळ कुठे संपतं ते कळत नाही असा.
इड्वाल गेला गेल्या ऑक्टोबरात.
चौतीस वर्षं दुसऱ्या कुणाला
त्यानं बॉनेट उचलू दिलं नव्हतं.

या गाडीचा गिअरबॉक्स आतून काढतात.
आधी सीटा, मग गालिचा, मग मधला बोगदा,
मग चोरलेली मेंढी कुंपणावरून काढावी
तसा छातीशी धरून दारातून बाहेर.
गेथिन मागचे पाय धरतो, मी डोकं.
डाव्या सीटखाली, जिथे ती बसायची
तो गाडी चालवायचा तेव्हा,
काही नव्हतं. उजव्या सीटखाली
केसांच्या अकरा पिना.
दर हिसक्याला एक, असं धरलं
तर तिनं गाडी फारच थोडी चालवली होती.

मग फ्लायव्हील दिसलं.

प्लेट साडेआठ इंची.
चाक नऊ इंचीच्या जमान्यातलं,
आधीच्या मॉडेलचं, कुठल्या तरी भंगारातून आणलेलं.
मधला भाग आरशासारखा घासलेला
आणि कडेला, पाव इंचाची,
गोल फिरत गेलेली गंजाची पट्टी,
जिला चौतीस वर्षांत कुणी शिवलंच नव्हतं.

मूळची भोकं मोकळी. त्यांच्या शेजारी
हातानं पाडलेली सहा नवी.
पाच बरी होती.
सहावं पाडताना ड्रिल निसटलं असावं,
किंवा चहा आला असावा, किंवा
आता कोण बघतंय, असं वाटलं असावं.

आमच्या धंद्यात पत्रिका नसते, व्हर्नियर असतो.
व्यास बघायचा, दाते मोजायचे,
स्प्रिंगची जात विचारायची,
आणि एवढं करूनही
डायल लावून चाक एकदा हातानं फिरवायचं.
मी फिरवलं.
काटा प्यायल्यासारखा चालला.

गेथिन म्हणाला, सांगायचं का तिला?
तो एकोणीस वर्षांचा आहे,
त्याला वाटतं सांगणं आणि न सांगणं
ही दोन वेगळी हत्यारं आहेत.
मी चाक बाकावर ठेवलं, तोंड वर करून,
प्लेट त्यावर ठेवली,
आणि किटली चढवायला गेलो.

परत आलो तेव्हा ती
त्या गंजाच्या पट्टीवरून बोट फिरवत होती.
एक पूर्ण फेरा. मग उलटा एक.
"म्हणजे कुणीही चालवली असती तरी?"
"कुणीही."
"तो चालवायचा तेव्हा थरथरायची नाही."
"थरथरायची. त्याला भोक ठाऊक होतं,
तो त्याच्याभोवती पाय सोडायचा."

तिनं साखर घातली, ढवळली,
पुन्हा साखर घातली.

चाक, प्लेट, झाकण, बेअरिंग,
सगळं एका घरचं मागवलं, बॅलन्स करून घेतलं.
तीन आठवडे लागले. पैसे तिनं
बिस्किटांच्या डब्यातून मोजून दिले.
जुन्या चाकाचं काय करू, विचारलं
तर म्हणाली, डिकीत ठेवा.

फाटकाबाहेर गेली ती लोण्यातून सुरी जावी तशी.
मी हात पुसत होतो.
गावाकडे वळायच्या ऐवजी तिनं
चॅपेलचा चढ धरला,
जिथे दफनभूमीची भिंत रस्त्याला लागून आहे.

तिथे, ऐन चढावर, ती थांबली.
हँडब्रेक. पहिला गिअर. निघाली.
दहा हात गेली. पुन्हा थांबली.
पुन्हा निघाली.
गेथिननं मोजायला सुरुवात केली,
मी त्याला आत पाठवलं.

संध्याकाळ शांत होती, आवाज लांबून येत होता.
थांबत होती. निघत होती.
एकदाही हिसका नाही.