काळ्याची प्लेट

उद्यमनगरात आमचं चार रंगांचं मशीन.
एकदा काळ्याची प्लेट चढवायची राहिली
तर लग्नपत्रिकेतला गणपती नुसताच शेंदरी-पिवळा,
सोंड कुठे संपते कळेना,
आणि मुहूर्ताची वेळ कागदावर उठलीच नाही.

घरी वरच्या खोलीत पाच पेट्यांत पाच साप.
कॉर्न स्नेक, परदेशी, बिनविषारी.
कागदपत्रं रीतसर आहेत,
शेजारच्या हेरवाडेकाकूंना अजून दर गटारीला दाखवतो.

मादीचं नाव आबोली. तिच्यात काळा मुळीच नाही.
नारिंगीवर लाल ठसे, डोळे डाळिंबाचे दाणे.
नर इम्तियाज बागवानचा,
कळंब्याहून स्कूटरच्या डिकीत, उशीच्या अभ्र्यात आलेला.
त्याच्यात काळा आहे, पण फिका,
शाईचा स्क्रू कुणी दोन आटे आवळून ठेवल्यासारखा.

वहीत हिशेब मांडला:
हिची खोट एकीकडे, त्याची दुसरीकडे.
हिचं उणं तो भरेल, त्याचं उणं ही.
म्हणजे पिल्लं सगळी धडधाकट काळ्या काठांची,
पोटावर बुद्धिबळाचा पट.
खाली तारीख घातली. सहीसुद्धा केली.

चौदा अंडी. एक पिचकं निघालं.
बाकीची डब्यात, ओलसर मातीत,
साठ दिवस मी तापमान बघायला उठायचो,
रात्रपाळी नसली तरी.

एकसष्टाव्या पहाटे पहिल्या अंड्याला चीर.
नाकपुड्या, मग डोळा:
डाळिंब, पण आत दिवा मालवलेलं.
अंग गुळाच्या ढेपेसारखं,
जुन्या नव्हे, याच हंगामातल्या.
दुसरं तसंच. पाचवं तसंच.
तेराच्या तेरा.
काळा काठ एकालाही नाही.

इम्तियाज आला, बराच वेळ वाकून बघत राहिला.
"भावा, आपण दोन खुर्च्या धरल्या.
ह्यांची खुर्ची एकच हाय."

तेव्हा मशीनच डोळ्यापुढे आलं.
काळ्यासाठी एकच जागा.
तिथे प्रत्येक पिल्लाला दोन प्लेटा,
एक आईची, एक बापाची.
आईची कोरी, ती काही उठवत नाही.
बापाची झिजलेली,
तीही एकटीच, म्हणून झिजल्यापेक्षाही पुसट.
दोघांची खोट एकाच जागची
तर कोण कुणाची झाकणार?

संग्राम गेल्यापासून
बाबांनी त्याचं नाव घेतलेलं नाही.
आई घेते, दिवा लावताना,
पहिल्या अक्षराशी थांबते.
मला वाटायचं, दोघांकडचं थोडं थोडं जमवून
मला तरी पुरतं घेता येईल.
बँकेच्या बाईंनी विचारलं, भावंडं किती?
मी म्हणालो, आम्ही दोघं,
मग म्हणालो, एक,
मग पेन चालत नाही म्हणालो.

पुढचाही हिशेब केलाय आता, खाडाखोड न करता.
तीन वर्षांनी यांच्यातलीच जोडी लावली
तर चारांत एक आबोलीसारखं,
एक फिकं, आजोळच्या नव्हे, बापाच्या वळणाचं,
दोन पुन्हा गुळाची.
कितीही पिढ्या मोजा,
घरात नाहीच तो काळा घरातून कसा निघेल?
तो बाहेरूनच आणावा लागतो.

इम्तियाजनं सगळ्यांत लहान पिल्लू मनगटावर घेतलं.
ते नाडी शोधल्यासारखं फिरलं.
"संग्राम असता तर म्हणाला असता,
ह्यो साप न्हवं, काकवीची धार हाय."
सहज बोलला. पुरतं नाव. ठळक.

जिन्यात आईच्या हातातली चहाची बशी वाजली.
वर यायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.
"कुठलं म्हणतोस ते?" तिनं विचारलं,
आणि चष्मा पदराला पुसून
पहिल्यांदाच पेटीजवळ बसली.

वहीतलं ते चुकलेलं पान
मी फाडलेलं नाही.