पन्नास ठोके

उद्यमबागेत, फाउंड्रीमागच्या गाळ्यात
गोव्याहून एक जुनी गाडी आलीय,
दोन दारांची, छप्पर नसलेली.
मालक म्हणतो, "आरपीएमचा काटा चालतोय,
खरं खोटं दाखवतोय."
आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात,
त्याला कळलं नाही आम्ही का हसलो.

सातेरीमामा बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटतात.
"नऊशे."
काटा सतराशेवर,
कोंबडीच्या मानेगत झटके देत.

मीटर काढला. क्रोमची कडा हळू उकलली.
आत एक कपॅसिटर, जांभळाच्या बीएवढा,
बुडाशी पांढरी बुरशी धरलेला.
नवा बसवला, डाख दिला.
आता साक्ष कुणाची काढायची?

मामांनी फळीवरचा ट्रान्स्फॉर्मर ओढला.
बारा व्होल्ट बॅटरीचे,
कॉइलच्या तारेवर हेस्कॉमची वीज:
सेकंदाला पन्नास ठोके, मिनिटाला तीन हजार.
चार सिलिंडर, फेरीला दोन ठिणग्या,
म्हणजे पंधराशे.
काटा उठला, चढला,
पंधराशेच्या अलीकडे केसभर थांबला.
"शिनोळीत नेऊन लावलास तरी इथंच थांबंल,"
मामा म्हणाले, आणि बिडी शोधू लागले.

संध्याकाळी गाडीत बसवला. इंजिन सुरू.
मामांचा तळवा: "नऊशे."
काटा: अकराशे, अगदी शांत.

मी ट्रान्स्फॉर्मर पुन्हा जोडू का विचारलं.
ते काही बोलले नाहीत.
कॉटन वेस्टनं तळवा पुसला, उलटा केला, परत पुसला.
शेजारची भट्टी बंद झाली तेव्हा म्हणाले,
"तू ठेव बघू हात."