नऊपर्यंतची हवा

वागळे इस्टेट, पत्र्याच्या शेडमागे
जिगरभाईंचं दुकान.
काचेवर त्यांनी तीन हँडपीस मांडले
सोनार अंगठ्या मांडतो तसे.
"पहिलंच ना? मग हे घ्या.
पायाने दाबा, हवा जाते, टोक ठोकतं.
हे दुसरं तळव्याने दाबायचं, पाय मोकळा,
पैसे तिप्पट.
आणि तिसरं…
तिसरं तुम्ही बघूच नका."

मी अर्थात तिसरंच बघत बसलो.

मी सुऱ्या करतो.
शनिवार-रविवार, कळव्यात, बाल्कनीत,
टेम्पोच्या जुन्या पाट्याचं पोलाद घासून.
आजवर अकरा.
पाणी देताना तीन गेल्या; एक तर तेलात बुडवताच
टिंग करून तडकली,
मांजर पळालं.
एक मेहुण्याने मागून नेली,
तो तिने कुरिअरची खोकी फोडतो.
बायको अजून विळीवरच बसते.
म्हणते, धार चांगली आहे रे,
पण ती कुणाची आहे ते कळत नाही.

म्हणून हे.
पात्यावर नाही; पाणी दिलेलं पातं
टोकालाच फोडतं.
मुठीच्या गळ्याशी पितळेची पट्टी असते,
बोटाच्या एका पेराएवढी.
तेवढी जागा.
तेवढ्या जागेसाठी दिवाळीचा अख्खा बोनस
खिशात घेऊन मी उभा.

छिन्नी-हातोडीने करून पाहिलं होतं.
उजव्या मनगटात प्लेट आहे,
दोन वर्षांपूर्वीची, घोडबंदरच्या खड्ड्याची.
शंभर ठोक्यांनंतर ती बोलायला लागते,
आणि वेलीचं पान
पालीसारखं दिसायला लागतं.

"उद्या सांगतो," म्हणून निघालो,
ते थेट जांभळी नाक्यावर.
भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
सुखदेव कासार बसतात, नावं घालतात,
चाळीस वर्षं, टर्रर्र टर्रर्र.
ठाण्यातल्या किती ताटांच्या पाठीवर
त्यांचं वळण असेल:
चि. सौ. कां. अमुक, मामांकडून सप्रेम,
कै. तमुक यांच्या स्मरणार्थ, खाली तारीख.
मी विचारलं, हात एवढा स्थिर कसा?
त्यांनी तांब्या पुढे केला.
हात स्थिर कुठला, म्हणाले, हा बघा,
आणि खरंच, चहाच्या कपाशी तो थरथरत होता.
"ठोकायचं काम मशीनचं. ठोकू दे त्याला.
तुम्ही भांडं फिरवा.
'क्ष' आला की हात वळवायचा नाही,
तांब्या वळवायचा."

दुसऱ्या दिवशी मी पायाचं घेतलं,
सगळ्यात स्वस्त.
उरलेल्या पैशांत
गोल फिरणारा, जड, आळशी व्हाइस,
आणि टोकाला कोनात धार लावायची पट्टी.
जिगरभाईंनी पहिल्यांदाच
मला चहा विचारला.

कॉम्प्रेसर ऐरोलीचा. डॉक्टर पाध्यांनी
दातांचा दवाखाना बंद केला,
तेल न लागणारा, लहान फ्रिजएवढा,
अजून लवंगेचा वास येतो त्याला.
पण खालचे टिपणीस बेल वाजवून सांगून गेले:
आमच्याकडे परीक्षा आहे. नऊनंतर नाही.

पंधरा दिवस तांब्याच्या पत्र्यावर
नुसत्या रेघा. सरळ. मग वाकड्या.
मग ठरवून वाकड्या.

काल पावणेनऊला पितळ लावलं.
पाय दाबला. टोक शिरलं,
पुढे सोन्याच्या केसासारखी
एक बारीक गुंडाळी उठत गेली.
डाव्या हाताने मी व्हाइस वळवत होतो,
उजवा नुसता सोबतीला.
नऊ वाजले. बटण बंद केलं.
टाकीत हवा होती अजून,
चोरून वापरावी एवढी.

तिच्या नावातला शेवटचा काना
त्या हवेवर काढला.
खाली येता येता ठोके विरळ झाले,
काटा घसरला,
रेघ उथळ झाली, आणि संपली,
जिथे संपायला हवी होती
त्याच्या दोन केस अलीकडे.

पुसून विळीशेजारी ठेवली.
सकाळी बघितलं तर कोथिंबिरीचं एक पान
पात्याला चिकटलेलं.