नखावरचा काळा

बाळ्याच्या रस्त्यावर डाव्या हाताची तिसरी बाभळ.
खालच्या फांदीचा घे, मुंग्या झटकून,
अप्पा सांगायचे, आणि खडा दाताखाली धरून बघायचे.
कुडूम वाजला तर पिशवीत,
चिकटला तर मला खायला.

घरात डिंकाला बंका म्हणत.
रात्रभर पाण्यात, सकाळी जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळलेला,
अर्धा अप्पांच्या शाईला,
अर्धा आईच्या विड्यांच्या कट्ट्यांना, लेबलं डकवायला.
भांडण रोजचं, वाटी एकच.

करंजाच्या तेलाची पणती, वर पालथं खापर.
जमलेली काजळी कोंबडीच्या पिसानं उतरवायची
श्वास धरून, कारण एक शिंक
आणि पंधरवड्याचा काळा भिंतीवर.
मग खलायचं. दुपार कलेपर्यंत खलायचं.
पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री,
तरी घामाचा थेंब आत पडू द्यायचा नाही,
मिठानं फाटते म्हणायचे.
शेवटी कापराची चिमूट, वास मारू नये म्हणून.

डिंक जास्त झाला की वाळल्यावर तडकते.
कमी झाला की बोटाला येते.
किती घालायचा ते कधी सांगितलं नाही.
डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढायचे,
उन्हाकडे धरायचे,
नलुपु, म्हणायचे. झाली.

त्या शाईनं चौकटींच्या कागदावर
चादरीचा मोर भरायचे, एकेक घर मोजून.
एक घर चुकलं
की मागावर हजार मोरांची मान मोडते.
विकतची शाई शेजारच्या घरात शिरते,
हा त्यांचा जन्मभराचा राग.
पुढे अशोक चौकात मॉनिटर आले.
तिथं काहीच पसरत नाही.
अप्पा एकदा जाऊन बघून आले.
छान आहे म्हणाले,
आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवला.

परवा पत्रा बदलताना फळीवर बाटली सापडली.
तळाला भेगाळलेली खपली.
(डिंक जरा जास्तच झाला होता, अप्पा.)
चार थेंब पाणी घातलं आणि विड्या वळायला बसले.
पाचशे झाल्या तेव्हा बघितलं,
खपली जागी झाली होती.

कागद काढला नाही.
नखावर ओढली.

सोमवारी कट्टे मोजताना चेकर म्हणाला,
हे काय गं, मतदान झालं का कुठं?
बायका हसल्या. मीही.
नखाच्या कडेला
बुधवारपर्यंत होती.