आधी रेघ

दिवसभर नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करते.
सव्वीस वर्षं.
‘आणि’ कुणी दीर्घ लिहिलं की माझ्या दाढेत कळ येते.
संध्याकाळी स्वारगेटला बस येईपर्यंत
समोरच्या पाट्या तपासत उभी राहते,
पेन पिशवीत असतं, तरी बोट हवेत हलतं.

मग घरी, धनकवडीत,
भांडी पालथी घातली की
ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात
मी मोडी लिहिते.

बोरू बोहरी आळीतून आणलेले, डझनाच्या भावात.
खिरे सरांनी पहिल्या दिवशी हातात चाकू दिला,
म्हणाले, अक्षर नंतर. आधी टोक.
अकरा बोरू वाया गेले
आणि अंगठ्याला पट्टी.
बाराव्याला तिरका काप बसला
तेव्हा तो कागदावर कुरकुरला,
कोवळी काकडी चोचवताना येतो तसा आवाज.
तो ऐकायला मी अजूनही
चांगलं असलेलं टोक पुन्हा तासते.

मोडीत आधी रेघ ओढतात.
या कडेपासून त्या कडेपर्यंत, सलग,
काय लिहायचं ते ठरलेलं नसलं तरी.
मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची
दांडीवर कपडे वाळत घालावेत तशी,
हात शक्यतो न उचलता,
एकाची बाही दुसऱ्यात अडकलेली.
वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व.
म्हणजे माझा अख्खा धंदाच बंद!
हे कळलं त्या रात्री मी एकटीच हसले,
एवढ्या मोठ्याने, की खुडेबाईंनी
पलीकडून भिंतीवर टकटक केलं.

डीटीपीचा नीलकंठ विचारतो,
“परीक्षा कधी?”
परीक्षा नाही.
“मग जुनी कागदपत्रं? कुठे जमीनबिमीन?”
जमीन नाही.
“मग?”
मग काय. परवा तासभर नुसता ‘ळ’ काढला.
एकसष्ट वेळा.
त्यातला चाळिसावा असा काही बसला,
जेवून ओटीवर टेकलेल्या माणसासारखा,
की मी बोरू खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.
एकेचाळिसावा परत बिघडला.
दाढेत कळ आली नाही.
जीभ फिरवून पाहिली. खरंच नाही.

रविवारी सामानाची यादी मोडीत केली.
पोपटशेठ ओसवालांनी ती उभी धरली, आडवी धरली,
“ताई, ही औषधाची चिठ्ठी. शेजारच्या दुकानात.”
म्हटलं, थांबा, मी वाचते.
पोहे. शेंगदाणे. गुळ.
चौथ्या शब्दावर अडले.
तुर की तुप?
माझंच अक्षर, आदल्या रात्रीचं,
आणि ओळख दाखवायला तयार नाही.
मागे चार माणसं, एकाच्या हातात नुसती काडेपेटी.
जगाच्या चुका धरणारी बाई
स्वतःच्या यादीपुढे उभी, चष्मा वर-खाली करत.
“दोन्ही द्या,” म्हटलं.
घरी दोन्ही होतं.

आज पुन्हा.
दूध गॅसवर, मंद.
अप्पा बळवंत चौकातला खरबरीत कागद
चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून सरळ केला,
बोरू बुडवला, दौतीच्या काठाला निथळला.
रेघ निम्म्यावर आली
आणि पाठीमागे ती सुरसुर,
साय उचलली जाताना होते ती.
वळले नाही.

दूध उतू गेलं.
रेघ शेवटाला जरा वर चढली आहे,
पण तुटली नाही कुठे.
ओटा पुसून घेते,
मग बघू
खाली काय लिहायचं.