फक्त गॅसच्या कामासाठी

अकरा दिवस
या पुण्यात माझ्या नावाची आणखी एक बाई होती.
शालन बबन काळोखे. जन्मतारीख तीच.
फोटोही माझाच, आधारवरचा,
ज्यात मी कुणाच्या तरी दहाव्याहून आल्यासारखी दिसते.

तिने वाघोलीत फ्रीज घेतला, दोन दारांचा.
हडपसरला लहान मुलाचे बूट, तेराशे नव्याण्णव.
लोणावळ्यात एक रात्र, नाश्त्यासकट.
मी लोणावळ्याला शेवटची गेले एकोणनव्वद साली,
घाटात उलटी झाली,
खिडकी द्यायला कुणी तयार नव्हतं.

कार्ड मी आयुष्यात घेतलं नाही.
घासायची ती भांडी, एवढंच ठाऊक.
ते माझ्या नावाने निघालं, माझ्या नावाने घासलं गेलं,
आणि वसुलीवाला मात्र बरोब्बर
धनकवडीत माझाच जिना चढला.

शिवाजीनगरला सायबर पोलिसांत
एक पोरगेला साहेब, डोळ्यांखाली काळं.
मावशी, ओटीपी सांगितला कुणाला?
नाही.
लिंक दाबली?
माझा फोन बटणांचा आहे, हा बघा.
मग झेरॉक्स. झेरॉक्स कुठे कुठे दिल्यात?

आता काय सांगू.
गॅसला दिली. सिमला दिली.
पतसंस्थेला दोन, पहिली काळी आली म्हणून.
भाचीच्या साखरपुड्याच्या हॉलला, हो, हॉललासुद्धा.
एक मुलगा दारात आला, सर्वे आहे म्हणाला,
त्याला झेरॉक्स दिली
आणि वर ताक पाजलं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं
बिल्ला दाखवल्याशिवाय आत पाऊल पडलं नाही माझं.
गेटवरचे थोरवे हवालदार
माझ्या लग्नात तीन जिलब्या खाऊन गेलेले,
तरी सुट्टी संपवून आले त्या सकाळी म्हणाले, बिल्ला.
मी चिडले. ओळखत नाही का मला?
तुम्हाला ओळखतो हो, शालनताई.
तुमच्यासारखी दिसणारी कुणी आली, तर?
तेव्हा वाटलं, म्हातारा चळला.

बँकेत फोन लावला. पाऊण तास सनई ऐकली.
मग एक गोड मुलगी.
खात्रीसाठी विचारते मॅडम,
आईचं माहेरचं आडनाव?

मला थांबावं लागलं.
आईला त्या नावाने हाक मारलेली
मी कधी ऐकलीच नव्हती.
ती वहिनी होती, काकू होती, अगं होती.
रेशनकार्डावर तर नुसतीच पत्नी.
झुरंगे, म्हटलं शेवटी. सासवडचे झुरंगे.
मोठ्याने म्हटलं, तसं गळ्यात काहीतरी हललं.

माफ करा मॅडम, चूक आहे.
आमच्या नोंदीत वेगळं आहे.

म्हणजे त्या बाईने
माझ्यासाठी दुसरंच आजोळ लिहून टाकलेलं.
कोणतं? विचारलं मी.
ते सांगता येणार नाही,
तुमच्याच सुरक्षेसाठी.

आता झेरॉक्स द्यायची म्हटलं
की मी पेन घेऊन आधी तिच्यावर लिहिते,
कपाळापासून हनुवटीपर्यंत, तिरपं:
फक्त गॅसच्या कामासाठी. तारीख. सही.
गितेचा पोरगा म्हणतो, मावशी, चेहरा जातोय.
जाऊ दे.
बिघडलेली प्रतही मागून घेते त्याच्या टोपलीतून.
घरी येऊन फाडते,
आकडे ओल्या कचऱ्यात, चेहरा सुक्यात.
सोसायटीत हसतात. हसोत.

तक्रार अजून प्रक्रियेत आहे.
फ्रीजचं मला काही वाटत नाही,
लोणावळ्याचा थोडा राग आहे.
त्या बुटांची साइज पावतीवर होती, अकरा.
चार-पाच वर्षांचं पोर असेल.
एव्हाना तोकडे झाले असतील त्याला.