अवांतर

जूनमध्ये टास्मानियात साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
सफरचंदाच्या बागा खराट्यांसारख्या उभ्या,
मैदानावर मेंढ्या सोडलेल्या,
आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर
खोऱ्यातल्या लीगची एकेचाळीस स्कोअरबुकं.
फळांच्या खोक्यांतून आली. अजून त्यांना तोच वास आहे.

समितीनं ठरवलं, सगळं ऑनलाइन.
माझं टायपिंग बरं, नवरा नाही, थंडीत दुसरं काम नाही,
म्हणून मी.

पहिल्याच संध्याकाळी स्क्रीननं विचारलं,
डी. गीव्ह्ज आणि डी. गीव्ह्ज
एकच खेळाडू आहे का? हो. नाही.
बाप डग्लस, लेक डर्मट,
पॅडची एकच जोडी दोघांत,
आठ हंगाम एकमेकांना धावबाद करत आले.
मी 'नाही' दाबलं.
डर्मटच्या आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, 'हो'.

समासात एल्सपेथ पायबसचं बारीक अक्षर.
'वणव्याचा धूर. चेंडू दिसेना. पाऊण तास थांबलो.'
'गाय, लाँग-ऑनला.'
'हॅल्टननं सोपा झेल सोडला. बायको मंगळवारी निघून गेली आहे.'
ह्याला रकाना नाही.
झेल सोडल्यालासुद्धा नाही.
निर्धाव षटकांना आहे.

मग एकोणऐंशीच्या मार्चमधला एक शनिवार.
सँडी क्रीक, सर्वबाद एकशे बेचाळीस.
आकडे भरले, आणि पान लाल झालं :
बेरीज जुळत नाही. एक धाव जास्त.

तीनदा मोजलं. बोटांवर मोजलं.
शेवटी चष्मा पुसून पाहिलं तर
अकरावा फलंदाज, सी. डोरन,
त्याच्या नावापुढे, शाईत नाही, पेन्सिलीत,
एक.
आणि खाली अवांतरमध्ये, लेगबायच्या ओळीत, शाईत,
एक.

एल्सपेथ आता अठ्ठ्याऐंशीची.
वही तिनं मांडीवर घेतली, जसं कुणी मांजर घ्यावं.
'पॅडलाच लागला होता,' म्हणाली,
'अंपायरनं गुडघ्याला हात लावला, मी लेगबाय लिहिली.
मी खोटं लिहीत नाही.'

किटली शिट्टी घालत होती. ती उठली नाही.

'क्लेमचे दोन हंगाम, एकोणीस डाव,
एकदाही भोपळा फुटला नव्हता.
त्या दिवशी पलीकडे पोचला आणि त्यानं बॅट वर केली.
समोरच्या संघानंही टाळ्या वाजवल्या. अंपायर बुटांकडे बघत बसला.
पुढच्याच चेंडूवर त्रिफळा.
तर सरळ आला माझ्याकडे, वही बघायला.
सोमवारी पॅकिंग शेड बंद होणार होती,
मंगळवारच्या बोटीनं तो मेलबर्नला.'

'मग?'

'मग काय. पेन्सिल कानावर होती.'

'नंतर खोडली का नाही?'

'वाटलं, पेन्सिल आहे, आपली आपण पुसट होईल.'

झाली नाही.

परतताना रस्त्यावर बर्फ नव्हता, पण गाडी हळूच चालवली.
स्क्रीन तशीच लाल.
एक तर क्लेमची धाव काढ,
नाहीतर अंपायरचा हात गुडघ्यावरून काढ.
दोन्हीकडे एकेक बटण, सारख्याच आकाराचं.
खाली तिसरं, करडं : मसुदा ठेवा.

आता सप्टेंबर. मेंढ्या हलवल्या, रोलर फिरतोय.
लीगचे सगळे सामने कुणालाही, कुठूनही दिसतात,
एक सोडून.
बैठकीत सचिव विचारतात,
'तो एकोणऐंशीचा कधी?'
मी म्हणते, एल्सपेथचं अक्षर लागत नाही.

तिचं अक्षर छापल्यासारखं आहे.